कावळा, फांदी आणि योजनेचा हिशेब

गावात एखादी योजना येते, वर्षभर चालते आणि संपते. संपली म्हणजे तिचा अहवाल तयार होतो. किती रुपये खर्च झाले, किती सभा भरल्या, किती माणसे हजर होती, किती पत्रके वाटली, यांचे आकडे त्यात ओळीने मांडलेले असतात. हे आकडे बहुधा खरेही असतात. परंतु पारावर बसलेला एखादा म्हातारा तो अहवाल शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो, "हे सगळं झालं खरं, पण त्यानं गावाचं काय झालं?"

हा प्रश्न दिसतो साधा, परंतु त्याचे उत्तर देणे मोठे कठीण आहे. अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, केलेले काम आणि कामाचे फळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चार पायली बी पेरले हे सांगितल्याने खळ्यावर रास किती पडली ते कळत नाही. दुसरी अडचण आपल्या जुन्या म्हणीतच सांगितली आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. योजना आली त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, किंवा बाजारभाव चढला, आणि गाव सुधारले, तर ते श्रेय योजनेचे की पावसाचे? फांदी कावळ्याने मोडली की ती मुळातच वाळलेली होती?

या दोन अडचणींतून वाट काढण्याची जी एक रीत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत हळूहळू घडत गेली, तिची हकिकत आज आपल्यापुढे मांडायची आहे. इंग्रजीत तिला 'लॉजिक मॉडेल' म्हणतात. आपण तिला तर्कसाखळी म्हणू. नाव जड वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे, आणि तिच्या इतिहासातले एक मोलाचे पान तर आपल्याच मुलखात, रेडिओच्या साक्षीने लिहिले गेले आहे.

प्रारंभ शेतापासून करू. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने बांधीत. गावकामगार शेताकडे पाही आणि पीक सोळा आण्यांत किती आणे आले ते ठरवी. हीच आपली आणेवारी. नजर कितीही तयार असली तरी ती माणसाची नजर. त्यातून वाद होत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात कृषी संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत राहून पीक-कापणीच्या पाहणीची शास्त्रशुद्ध पद्धत बसविली. शेते चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, ठराविक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, झोडून, वजन करायचे. कुणाच्या मर्जीचे शेत निवडायचे नाही आणि नजरेवर विसंबायचे नाही. खताचा गुण पाहायचा असेल तरी शेतकरी हेच करतो. एका वाफ्याला खत घालतो, शेजारच्या वाफ्याला घालीत नाही, आणि दोन्हींचे माप घेतो. पाऊस दोन्हींवर सारखाच पडलेला असतो. म्हणून जो फरक दिसतो तो खताचा.

आता प्रश्न असा की, वाफ्यांना लावलेला हा न्याय माणसांच्या योजनांना लावता येईल काय?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न लवकरच उभा राहिला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. त्याच महिन्यात नियोजन मंडळाने तिच्या कामाची पारख करण्यासाठी एक स्वतंत्र संघटना स्थापन केली. सुरुवातीच्या काळात तिचे संचालक होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक द. गो. कर्वे. काम करणारा एक आणि त्याचे माप घेणारा दुसरा, ही व्यवस्था त्या काळी नवी होती. पुढे १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने आपला अहवाल दिला. गावाचा पुढाकार या योजनेतून जागा झाला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातूनच अधिकार खाली, लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे द्यावेत हा विचार पुढे आला, आणि १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. एका प्रामाणिक परीक्षेने राज्यकारभाराची घडी कशी बदलू शकते, याचे हे उदाहरण आहे.

याच सुमारास पुण्याला एक प्रयोग झाला. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले होते. कॅनडामध्ये १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती. शेजारीपाजारी एकत्र बसून भाषण ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि मग काम करायचे, असा त्यांचा परिपाठ होता. युनेस्कोच्या साहाय्याने तीच कल्पना आपल्याकडे करून पाहावयाचे ठरले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. मंडळात वीसएक गावकरी, एक अध्यक्ष आणि लिहिता-वाचता येणारा एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावकारभाराचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी चर्चेला बसत. चिटणीस चर्चेचा गोषवारा व शंका केंद्राकडे पाठवी, आणि पुढल्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरे मिळत. रेडिओ आजवर बोलत होता. आता तो ऐकूही लागला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या प्रयोगाचे मोजमाप प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवले होते. ते काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञांनी वाहिली. त्यांनी मंडळे असलेल्या गावांतून काही गावे नमुन्यासाठी घेतली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली गावेही घेतली. आणि त्यांतही काही रेडिओ असलेली, काही रेडिओ नसलेली. कार्यक्रम सुरू होण्याआधी या सर्व गावांतील माणसांना विषयांसंबंधी प्रश्न विचारले. वीस कार्यक्रम झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारले. शिवाय निरीक्षक प्रत्यक्ष चर्चेला जाऊन बसत ते वेगळेच.

यातली योजना ध्यानात घ्या. खत घातलेला वाफा आणि न घातलेला वाफा! नुसता रेडिओ असून भागते, की एकत्र बसून बोलणे हेच खरे खत, हेसुद्धा त्यातून कळणार होते. उत्तर स्पष्ट आले. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नाममात्र होती. आणखी एक गोष्ट आढळली. ही मंडळे नुसती ऐकत बसली नाहीत. गावाने काय करावे याचे निर्णय तेथे होऊ लागले. १९५९ साली युनेस्कोने हा सारा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि नॉयराथ हे त्याचे लेखक.

आता हाच प्रयोग साखळीच्या रूपाने मांडून पाहू. पहिली कडी साधनांची : पैसा, रेडिओ संच, तज्ज्ञ, चिटणीस. दुसरी कडी कामाची : कार्यक्रम तयार करणे, मंडळे बसविणे. तिसरी कडी निष्पत्तीची, म्हणजे मोजून दाखविता येईल अशा कामाची : वीस कार्यक्रम, दीडशे मंडळे, इतक्या चर्चा. चौथी कडी बदलाची : माणसांना नवे कळले, ती एकत्र बसून निर्णय घेऊ लागली. पाचवी आणि शेवटची कडी हिताची : पीक वाढले, रोग हटला, गावाचे जिणे सुधारले.

पहिल्या तीन कड्या योजना चालविणाऱ्याच्या हातात असतात. चौथी आणि पाचवी लोकांच्या हातात असते. आपले बहुतेक अहवाल तिसऱ्या कडीवर येऊन थांबतात, आणि पारावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न असतो पाचव्या कडीचा! पुण्याच्या प्रयोगाने चौथ्या कडीपर्यंत मोजमाप नेले. दहा आठवड्यांत पाचवी कडी दिसणारच नव्हती. एक हंगामही पुरा होत नाही. आपण कोठवर मोजले आणि कोठे थांबलो, हे ज्याला सांगता येते त्याच्या अहवालावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरली. साठच्या दशकात त्यांची संख्या हजारांत गेली. परंतु संख्या वाढली तशी पहिल्या प्रयोगातली काळजी उरली नाही. संच बिघडला तर दुरुस्ती वेळेवर होईना, चिटणिसांच्या पत्रांना उत्तर देणे जमेना, चर्चा मंदावल्या. मात्र मंडळांची मोजदाद कागदावर वाढत राहिली. ज्या चर्चेने १९५६ साली फरक पाडला ती कडी सैल झाली आणि मोजणी चालू राहिली तिच्या अलीकडच्या कडीची. साखळी सारी समोर नसली म्हणजे असे होते.

या पद्धतीला रीतसर आकार आला तो १९६९ च्या सुमारास अमेरिकेत. परदेशांना मदत देणाऱ्या तेथील सरकारी खात्याने लिऑन रोझेनबर्ग या सल्लागाराला आपली कामे तपासावयास सांगितले. त्याला तीन दोष आढळले. हेतू मोघम शब्दांत लिहिलेले असत. कोणती गोष्ट व्यवस्थापकाची जबाबदारी आणि कोणती नाही, हे ठरलेले नसे. आणि यश कशाला म्हणायचे हे आधी ठरलेले नसल्यामुळे मूल्यमापन म्हणजे भांडणच होऊन बसे. त्याने एक साधा तक्ता सुचविला. एका बाजूला काम, निष्पत्ती, उद्देश आणि अंतिम ध्येय अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीसमोर ती गाठली हे कशावरून ओळखावे, पुरावा कोठे मिळेल आणि आपण कोणती गोष्ट गृहीत धरली आहे, याचे रकाने. पुढे १९७९ साली जोसेफ व्होली या अमेरिकन अभ्यासकाच्या ग्रंथातून 'लॉजिक मॉडेल' हे नाव रूढ होत गेले, आणि शतकाच्या अखेरीस केलॉग प्रतिष्ठानाच्या मार्गदर्शिकेमुळे ते स्वयंसेवी संस्थांच्या घरोघर पोचले.

या तक्त्यातला सर्वांत मोलाचा रकाना कोणता म्हणाल, तर गृहीताचा. दोन कड्यांमध्ये एक 'जर' आणि एक 'तर' दडलेला असतो. जर संडास बांधला तर घरची माणसे तो वापरतील. जर वापरतील तर रोगराई कमी होईल. वाचायला किती सरळ! पण १९९० नंतरच्या दशकात आपल्या राज्यात सरकारी अनुदानातून लाखो संडास बांधले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे वापराविना राहिले. कोठे गोवऱ्या भरल्या, कोठे सरपण. बांधकामाचा आकडा खरा होता. मधला 'तर' खोटा होता. हे उमगले म्हणून २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा अनुदान वाटण्याऐवजी गावागावांत स्वच्छतेची स्पर्धा लावली गेली. तपासणी गावाच्या स्वच्छतेची होऊ लागली. मोजायची कडी बदलली म्हणून कामाची तऱ्हाही बदलली.

शेवटच्या कडीपर्यंत पोचलेले एक उदाहरण द्यायचे तर ते गडचिरोलीचे देता येईल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथे नवजात बालकांचे मृत्यू कमी करण्याचा प्रयत्न केला. तर्क असा होता : दवाखाना दूर आहे, बाळंतपणे घरी होतात, तेव्हा गावातल्याच स्त्रीला शिकविले, तिने घरी जाऊन बाळ पाहिले, धोक्याची खूण ओळखली आणि तेथेच उपचार केला, तर बाळ वाचेल. ३९ गावांत हे काम सुरू केले. तुलनेसाठी ४७ गावे घेतली. तेथे सरकारी आरोग्यसेवा नेहमीप्रमाणे चालू होती. दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची नोंद एकाच काटेकोरपणे ठेवली. काम सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात, पहिल्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, हा आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ होता, तो जवळजवळ ६० झाला. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशाने स्वीकारला.

क्षणभर विचार करा. ती ४७ गावे नसती तर कुणीही म्हणाले असते, "काळच सुधारला, तुमचं त्यात काय?" कावळा आणि फांदीचा वाद मिटविला तो त्या गावांच्या नोंदींनी. आणि त्या वादाच्या निकालावर देशातल्या किती बाळांचे जीव अवलंबून होते!

आता शिक्षक बंधुभगिनींनी म्हणावे, "हे मोठ्या संस्थांचे झाले. आम्ही काय करावे?" तर एक लहानसे काम घेऊ. शाळेला गावकऱ्यांच्या वर्गणीतून पुस्तकांची एक पेटी मिळाली आहे. साखळी लिहायला उलट्या टोकाने सुरुवात करा. शेवटी काय हवे? चौथीच्या मुलाला समजून वाचता यावे. त्यासाठी काय घडले पाहिजे? त्याने आठवड्याला एखादे पुस्तक आपण होऊन वाचले पाहिजे. त्यासाठी? पुस्तक त्याच्या हाती पडले पाहिजे, कपाटात कुलपात नव्हे. आणि त्यासाठी? पेटी, नोंदवही आणि आठवड्याचा एक तास.

आता मधले 'तर' तपासा. पुस्तके त्या मुलांच्या अवाक्यातली आहेत काय? संध्याकाळी घरी वाचायला उजेड आणि वेळ आहे काय, की मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत बसते? फाटलेल्या पुस्तकाचा दंड होईल या भीतीने आई ते घरीच आणू देत नाही काय? जेथे 'नाही' असे उत्तर येईल तेथे साखळी तुटायची आहे, हे आधीच समजले. मग घरी न्यायचे पुस्तक शाळेतच वाचायला अर्धा तास द्या.

मग मोजमाप. जूनमध्ये, पेटी उघडण्यापूर्वी, प्रत्येक मुलाकडून एक सोपा उतारा वाचून घ्या आणि टिपून ठेवा. मार्चमध्ये तितकाच सोपा दुसरा उतारा वाचून घ्या. जूनची नोंद राहिली तर मार्चची नोंद निरुपयोगी. वरातीमागून घोडे नाचवून उपयोग नाही. परंतु मूल वर्षभरात वयानेही वाढते, तेव्हा थोडे वाचन पेटीशिवायही सुधारणारच. म्हणून शेजारच्या गावातल्या, पेटी नसलेल्या शाळेतील स्नेही शिक्षकांना तेच दोन उतारे वाचून घ्यायला सांगा. पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेलाही पेटी मिळवून देण्याचे मनावर घ्या, म्हणजे त्यांच्या मुलांवर अन्याय होणार नाही. दोन शाळांतला फरक हा तुमच्या पेटीचा गुण. दोनच शाळांचा पुरावा तोकडा आहे हे खरे. पण नुसत्या 'दोनशे पुस्तके वाटली' या वाक्यापेक्षा तो कितीतरी भरीव आहे.

ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही सांगून ठेवतो. तक्ता सुबक आखला म्हणजे काम सुबक झाले असे होत नाही. जे मोजता येते तेच करावे, अशी खोड कार्यकर्त्याला लागू शकते. मुलांना तो उताराच पाठ करून घेतला तर मार्चचे आकडे झळकतील आणि वाचन जागच्या जागी राहील. शिवाय काही फळे तक्त्यात न लिहिलेलीच हाती येतात. पुण्याच्या मंडळांत माहिती वाढावी हा हेतू होता. तेथे गावाचे निर्णयही होऊ लागले. म्हणून तक्त्याच्या शेवटी एक रकाना कोरा ठेवावा आणि अधूनमधून गावातल्या माणसांनाच विचारावे, "आम्ही न लिहिलेलं काही घडलं का?" हा प्रश्न घरातल्या बायकांना आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या वस्तीलाही विचारला पाहिजे. पुढे बसणाऱ्या चार जणांचे सुख म्हणजे गावाचे सुख नव्हे.

यापुढे आपल्या गावी एखादी योजना आली, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. याने शेवटी कुणाचे काय बरे होणार? ते बरे होण्यासाठी मध्ये काय काय घडावे लागेल? आणि ते घडले की नाही, हे आपण कशावरून ओळखणार? उत्तरे ग्रामपंचायतीच्या वहीत त्याच दिवशी लिहून, तारीख घालून ठेवावीत. वर्ष संपल्यावर ती वही सभेपुढे उघडावी. खर्च झालेला पैसा आपला असतो, वेळ आपला असतो, आणि फसलेल्या योजनेचे ओझे सर्वांत आधी गरिबाच्या खांद्यावर पडते. तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो नीट मागता यावा म्हणून ही साखळी.